चांदी घरी गेली

कामतघर, भिवंडी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
कार्तिक वद्य द्वादशी (तिथी तुला लागत नाही, पण माझ्या पत्राला लागते)

चि. चिंतामणी ऊर्फ चिंत्यास, केसरीनाथ मास्तरांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. केळव्याची हवा कशी आहे? कमळला सांग, तिनं दिलेले सोडे विमानतळावरच्या साहेबानं हुंगून पाहिले आणि परत दिले. त्याला वास सोसला नाही, म्हणून आम्हांला ते खाता आले.

आता तक्रार. धामणकर नाक्यावरच्या ज्या टेलरकडे तू मला पाठवलंस, त्याच्याविषयी. आफ्रिकेत सफारीला जायचं तर सफारी सूट पाहिजे, असा माझा तर्क होता आणि तू त्याला हसला नाहीस, म्हणजे तुलाही तो पटला होता. कापड इथल्याच लूमचं, निळं. खिसे चार सांगितले. मोजायला गेलास तर चार दिसतात. पण छातीवरच्या डाव्या खिशाला झाकण आहे, बटण आहे, आत खिसाच नाही. मुळात नसलेल्या वस्तूंची आमच्या शास्त्रात ठरलेली उदाहरणं आहेत: सशाचं शिंग, आकाशातलं फूल, वांझेचा मुलगा. उभा जन्म वर्गात ही तीन सांगितली. चौथं तुझ्या टेलरनं शिवून दिलं. त्याला माझा निरोप दे.

शिवाय तिकडे गेल्यावर कळलं की सफारीला सफारी सूट कोणीच घालत नाही. आमच्या गाडीचा ड्रायव्हर मुतुआ मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला की इथल्या चावऱ्या माश्यांना निळा रंग फार आवडतो. तो खोटं बोलत नव्हता.

दुसरी तक्रार तुझ्याच विषयी. तुझ्या बहिणीनं, हौसानं, फोनवर तुला सांगितलं की मास्तर रानरेड्यांचा फोटो काढायला गाडीतून खाली उतरले आणि मला त्यांना ओढून आणावं लागलं. त्यावर तू इतका हसलास की कमळनं तुला पाणी आणून दिलं, तेसुद्धा मला इथे ऐकू आलं. तिथून तो किस्सा तुमच्या अंजूरला गेला, तिथून नाक्यावर. परवा रिक्षावाला रघू मला भर सिग्नलला विचारतो, "मास्तर, रेडे काय म्हनतान? संस्कृत आला का न्हाय त्यांना?" मी म्हटलं, "प्रथमा विभक्ती झाली, द्वितीयेला जरा अडतात." मागच्या सीटवरची दोन माणसंही हसली. हसू देत. माझी हरकत नाही. ते तसंच राहू दे, हे सांगायलाही हे पत्र आहे.

तू म्हणशील, फोन सोडून हे कागद कशाला? तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि घरदार त्याच्याभोवती कीर्तनाला बसल्यासारखं बसतं. इकडे माझ्या फोनला हौसाचा कान असतो. म्हणून. हे पत्र तू एकट्यानं वाच. कमळला नंतर सांगायचं की नाही, ते तू ठरव.

सहल तशी छान झाली. तुझा भाचा, आमचा भाविक, तुला माहीतच आहे, इथली गोदामं सोडून नैरोबीला गेला आणि तिथे गोदामातच नोकरीला लागला. यालाच मी कर्मविपाक म्हणतो. त्यानं आम्हांला तीन दिवस अभयारण्यात न्यायचं ठरवलं होतं. मी घाबरट आहे हे तू पूर्वीपासून जाणतोस. खाडीच्या गुडघाभर पाण्यात मी चपला डोक्यावर धरून उभा होतो, हे तू माझ्या लग्नातही सांगितलं होतंस. तिथे पहिल्याच दिवशी हत्तींचा एक कळप गाडीला घासून गेला. मी डोळे मिटून गणपतीचं स्तोत्र म्हणायला लागलो. हौसा म्हणाली, "अहो मास्तर, जाऊ द्या त्याला. त्याला कुठं म्हाईत हाय गनपती?" मुतुआला यातलं काही कळलं नाही, पण तोही हसला. तीन दिवसांत सिंहिणी पाहिल्या, एक मेलेला झेब्रा पाहिला, आणि रात्री तंबूबाहेर कुठला तरी मोठा प्राणी गवत खात होता त्याचे दात ऐकले. मी भीतीनं जागा. हौसा घोरत होती. ती कशालाच घाबरली नाही. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी भाविकला ड्युटीवर बोलावलं, तो पहाटेच निघून गेला. गाडीत आम्ही दोघं आणि मुतुआ.

संध्याकाळी मुतुआनं एका पाणवठ्याशी गाडी थांबवली. चिखलात चार रानरेडे बसले होते. म्हातारे, कळपातून बाहेर पडलेले. मुतुआ हळू आवाजात म्हणाला की सिंहापेक्षा यांना भ्यावं, हे आधी धमकावत नाहीत, सरळ येतात. मी हौसाला ते मराठीत सांगितलं. ती "हं" म्हणाली. ती दाराशी बसली होती, गुडघ्यांमुळे तिला तीच जागा द्यावी लागते. रेड्यांच्या पाठीवर बगळे होते, चिंतू. अगदी अंजूरच्या बांधावर असतात तसे. चिखलाचा वासही तोच. मी तिला म्हणणार होतो, बघ, तुझ्या माहेरची आठवण येते की नाही. पण मी गळ्यातली दुर्बीण सोडवत होतो आणि तिचा पट्टा त्या बिनखिशाच्या बटणात अडकला होता.

मान वर केली तर दार उघडं. खाली पायरीवर तिचे नवे बूट, शेजारी शेजारी नीट लावलेले, मोजे आत खुपसलेले.

फोटो काढायला मी उतरलो नव्हतो. ती उतरली होती.

अनवाणी चालत होती. हातात कुठलीशी वाळकी काटकी. पदर खोचलेला. आणि तोंडानं हाक देत होती, तुमच्या घरची ती म्हशींची हाक, "ओऽऽ व्हू… व्हू…" ती हाक मी आजवर फक्त तिच्या गोष्टींतून ऐकली होती. चारातला एक रेडा उठला. चिखलातून पाय निघताना जो आवाज होतो तो माझ्या कानातून अजून जात नाही. मुतुआनं किल्लीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. इंजिनच्या आवाजानं रेडा बिथरला असता. मुतुआच्या मानेवरून घाम ओघळत होता. रोज रेडे बघणारा माणूस घाबरलेला पाहिला, तेव्हा मला खरं काय ते कळलं.

मी उतरलो. हे शौर्य म्हणून सांगत नाही. इतकी स्तोत्रं पाठ आहेत, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तिच्या मागे जाऊन जेमतेम म्हटलं, "हौसा, चल." रेडा आमच्याकडे बघत होता. त्याच्या नाकपुड्या हलत होत्या आणि पाठीवरचा बगळा उडून गेला होता.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती. रागावलेलीसुद्धा नव्हती. घाई असलेल्या पोरीसारखी म्हणाली, "चिंत्या, तू फुडं हो. मी चांदीला घेऊन येतंय. अंधार पडला त आय वरडंल."

चांदी म्हणजे तुमच्याकडची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. आमच्या लग्नाआधीच ती गेली. मी तिला कधी पाहिलेलं नाही.

मी आधी म्हटलं, "अगं, मी आहे." ती ऐकेना. काटकीनं गवत बाजूला करत पुढे निघाली. मग मला काय सुचलं ते ऐक. मी तुझ्यासारखं बोललो. म्हटलं, "बाय, चांदी घरी गेली. आयनी दूधपन काढला. चल."

ती थांबली. "खरा?"

"खरा."

"मंग आधी नाय सांगायचा?" असं म्हणून तिनं काटकी टाकली आणि माझा हात धरला. आम्ही गाडीकडे चालत आलो. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. तो रेडा पुढे आला की उभा राहिला, हे मला आजही माहीत नाही. मुतुआनं आम्हांला आत ओढलं, दार लावलं आणि बराच वेळ तो कपाळ स्टिअरिंगवर टेकवून बसला.

तेवढ्या वाटेवर मी तू होतो, चिंतू. म्हणून हे तुलाच लिहितोय.

गाडीत तिनं बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतले, मोजे घातले, बूट घातले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, तुमी खाली कशाला उतरला? येडे का खुळे? त्यानं सांगितला ना, रेडे वाईट हायेत?" मी म्हटलं, फोटो काढायला. दुसरं काय म्हणणार होतो? तोच किस्सा तिनं तुला सांगितला. ती खोटं सांगत नाही. तिला तसंच आठवतं, आणि ते तसं मीच तिला दिलं. मुतुआला मी विनवलं की भाविकला काही बोलू नको. तो म्हणाला, "मामा बरी आहे ना?" तिथे वयस्क बाईला मामा म्हणतात. मी हो म्हटलं.

वेदान्तात एक दृष्टान्त आहे. अंधारात माणूस दोरीला साप समजतो आणि घाबरतो. दिवा आणला की साप जातो, भीती जाते. वर्गातली पोरं त्यावर नेहमी हसायची. पण सापालाच कोणी दोरी समजून हातात घ्यायला निघालं, तर काय करायचं, हे कुठल्याही आचार्यांनी लिहून ठेवलेलं नाही. मी आल्यापासून पुस्तकं काढून बघतोय.

आता इथलंही सांगतो. ते मी आजवर विनोद करून सांगत होतो. गणपतीआधी ती बाजार करून धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षात बसली ती कामतघरला न उतरता थेट अंजूरला गेली. तुमच्या घराच्या जागी आता गोदाम आहे. तिथल्या वॉचमननं तिला खुर्ची दिली, पिशवीतल्या कागदावरचा नंबर बघून मला फोन केला. मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "झोप लागली वो रिक्षात." मी सगळ्यांना सांगितलं, बायको माहेरी पळाली. तूही हसला होतास. तेव्हाही मी हसण्यासाठीच सांगितलं होतं, कारण हसून सांगितलं की ते लहान होतं.

परवा दिवेलागणीला ती गॅलरीत उभी राहून पुन्हा ती हाक देत होती. खाली लूमवरची शिफ्ट सुटत होती. कामगार वर बघायला लागले. त्यातल्या एकानं विचारलं, "चाची, किसको बुला रही हो?" ती मागे वळली. मला म्हणाली, "मास्तर, मी कुनाला बोलावत होतू?" मी म्हटलं, मला. ती हसली. "तुमाला व्हू व्हू करून?"

आता विचारतो. चिडू नकोस, आणि टाळू नकोस.

तुमच्या आईंचं, सीताबाईंचं, काय झालं होतं? तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं की चिंबोऱ्या धरायला खाडीवर गेल्या आणि पाय घसरला. मी जावई, मी मान डोलावली. पण त्या दिवशी भरती होती. मयत न्यायला आम्हांला बांधावरून फिरून जावं लागलं, कारण खालची वाट पाण्यात होती. भरतीला चिंबोऱ्यांना कोणी जात नाही, हे माझ्यासारख्या पुस्तकी माणसालाही कळतं. सीताबाईंना कळत नव्हतं? की तेव्हा त्यांना ते कळेनासं झालं होतं आणि तुम्ही घरातल्या घरात झाकून ठेवलंत? झाकलंत म्हणून मी दोष देत नाही. मीही गेले काही दिवस तेच करतोय, फोटोचा किस्सा पुढे ढकलत.

मला एवढंच सांग. सुरुवात कशी झाली होती? आधी वाट चुकल्या की आधी माणसं? तुला दुसऱ्या कोणाच्या नावानं हाक मारायच्या का? हाक मारली की तू काय म्हणायचास? दुरुस्त करायचास, की त्या म्हणतील ते होऊन जायचास? आणि मधल्या काळात किती दिवस चांगले मिळाले?

ठाण्याला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिला सांगितलंय, गुडघ्यांसाठी. तू त्याआधी ये. कारण विचारलं तर म्हण, मास्तरांचा सूट बघायला आलो. चार दिवस राहा. तिला तुझ्याशी म्हशींच्या गोष्टी करू दे. मी शेजारी बसून ऐकेन, चांदी कशी चालायची, कुठे बसायची, कोणाचं ऐकायची. मला ते आता नीट माहीत असायला हवं.

रेड्यांची भीती वाटली ती गाडीचं दार लागल्यावर गेली. दुसरी जात नाही. तिनं मला चिंत्या म्हटलं आणि परत येऊन मास्तर म्हटलं. या खेपेला म्हटलं. मला भीती वाटते, चिंतू, की एक दिवस मी तिच्यापुढे उभा असेन, ती मला दुसरंच कोणी समजेल, आणि मी कितीही वेळ थांबलो तरी ती मला मास्तर म्हणणार नाही.

तिचा
मास्तर