गुड्डी बसली

मंगळवार, दिवेलागण

बाबांनी खतासाठी वावरात मेंढ्या बसवल्यात. मेंढपाळाची दोन दांडगी कुत्री आज आमच्या चिमुकल्या कुत्रीवर, गुड्डीवर धावून आली. गुड्डी पळून बैलगाडीखाली शिरली असती, पण मी सवयीने ओरडले, "बस!" दुसरं कुत्रं दिसलं की भुंकायचं नाही, बसायचं, हे महिनाभर भाकरीचे तुकडे देऊन मीच शिकवलेलं. ती बसली. माझ्याकडे बघत बसली. मेंढपाळ काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिला बांधाजवळ पुरताना बाबा म्हणाले, "येडीच होती तुयी गुड्डी. पळाचं सोडून बसली काहून?"

मी खड्ड्यात माती लोटत राहिले. माझ्याकडे बघत बसली होती ती. येडी नव्हती. मी सांगितलं म्हणून बसली, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.