दोन डावे हातमोजे आणि एक उजवा

आज गुरुवार, १४ मार्च २०१९. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. मी कामाच्या खोलीत शिलाई मशीनला तेल घालत होतो. ते अर्धे ठेवून, हात साबणाने दोनदा धुऊन हे लिहायला बसलो आहे, कारण उद्या सकाळी नऊ वाजता माझ्या उजव्या मनगटाचे ऑपरेशन आहे आणि त्यानंतर किती दिवस लिहिता येईल, किंवा येईल की नाही, हे मला माहीत नाही.

मी, शेवटी सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा चामड्याचे हातमोजे शिवणे, माझे हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीला घातलेले नाही. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, बाजारात गेली आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फक्त मनगट नाही. तिथे बोराएवढी गाठ आली आहे. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांचे काम आहे. पण भूल द्यावी लागेल असेही म्हणाले, आणि ज्या कागदावर सही घेतली त्यावर काय काय होऊ शकते याची नऊ ओळींची यादी होती. मी ती सगळी वाचली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. घर आई-वडिलांच्या पश्चात आम्हा दोघांच्या नावावर निम्मे निम्मे आहे. माझा निम्मा हिस्सा ताईला मिळावा. जिन्याची चौथी पायरी हलते. ती बसवतो, बसवतो असे मी चार वर्षे म्हणत आलो. तीही तशीच ताईकडे जाते, याचे वाईट वाटते.

कलम २. पोस्टाच्या पुस्तकात जे आहे त्यातून आधी माझी देणी फेडावीत. त्यांची यादी शेवटी जोडली आहे. उरेल ते ताईचे.

कलम ३. माझ्या खणातली काडेपेटी माल नेणाऱ्या दलालाला द्यावी. तो ओळखेल. वडील होते तेव्हा इथे पिशव्याही होत आणि हातमोजेही. मला पिशव्यांचे काम आवडे. नऊ वर्षांपूर्वी दलालाने याच टेबलावर बारा काड्या मांडल्या आणि सांगितले, की परदेशातला खरेदीदार यापुढे आपल्याकडून फक्त हातमोजे घेणार. त्यांच्या कारखान्यात एक माणूस दिवसाला सहा पिशव्या करतो, नाहीतर तीन जोड हातमोजे. आपला माणूस एक पिशवी करतो, नाहीतर दोन जोड.

वडील म्हणाले, "म्हणजे दोन्हींत तेच पुढे. मग आपल्याकडून घेतात कशाला, दया येते म्हणून?"

दलालाने समजावले, की त्यांना एक जोड करायला दोन पिशव्या सोडाव्या लागतात, आपल्याला अर्धीच. म्हणून पिशव्या त्यांनी कराव्यात, हातमोजे आपण. दोघांचा मिळून माल वाढतो. वडिलांनी काड्या तीनदा मोजल्या. हिशेब बरोबर होता. आज मीही मांडून पाहिला. तो अजून बरोबर आहे. पिशव्यांचे नमुने त्याच आठवड्यात माळ्यावर गेले.

पुढच्या वर्षी वडील गेले. मग ताईने त्याच काड्या आम्हा दोघांसाठी मांडल्या. ती दिवसाला चोवीस जोड कापायची, नाहीतर बारा जोड शिवायची. मी चार कापायचो, नाहीतर आठ शिवायचो. ती म्हणाली, "तू शिव, मी कापते. मी तुझ्यापेक्षा चांगलं शिवते, पण ते आपल्याला महाग पडतं." त्या दिवसापासून मी मशीनच्या खुर्चीवर आणि ती कापायच्या फळीपाशी. फळी खिडकीखाली आहे, कारण कापणीला उजेड लागतो. खुर्चीसमोर भिंत आहे. त्या भिंतीवर एकोणीस तडे आहेत. मी आलो तेव्हा अकरा होते.

कलम ४. माझा शब्दकोश पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकांना द्यावा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी छापलेल्या एका जाहिरातीत मला सात चुका दिसल्या. त्यावर पेन्सिलीने खुणा करून मी ती त्यांना नेऊन दिली. ते रागावले नाहीत. मुद्रिते तपासायला ये म्हणाले आणि दारापाशी उजेडातले एक टेबल दाखवले. मी घरी येऊन सांगितले. ताई एक शब्दही वाकडा बोलली नाही. तिने काडेपेटी आणली. मी गेलो तर शिलाई तिच्यावर येईल, आणि तिने शिवलेल्या दर जोडामागे दोन जोडांची कापणी बुडेल. मी छापखान्यात गेलोच नाही. तेव्हापासून दोरा आणायला मी छापखाना टाळून लांबच्या रस्त्याने जातो.

या गोष्टीचा राग मी ताईवर तीन वर्षे धरला आहे. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून नोंदवतो. तो राग मी कोणाच्याही नावे करत नाही.

कलम ५. समोरच्या घड्याळवाल्या काकांनी माझ्या मनगटी घड्याळाचे कधी पैसे घेतले नाहीत, म्हणून ते त्यांना ठेवायचे होते. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांच्या कारकुनांनी सांगितले. हे कळल्यावर काका म्हणाले, "बरं झालं, वाचलो. ते घड्याळ रोज अकरा मिनिटं मागे पडतं, मला माहीत आहे." तरी ते ताईला द्यावे.

कलम ६. परदेशातल्या खरेदीदाराला काही द्यायचे नाही. गेल्या सोमवारी सकाळी दलाल त्याचे पत्र घेऊन आला. जूनपासून हातमोज्यांचे तुकडे तिकडेच यंत्रावर कापून येणार. आपण फक्त शिवायचे. ते यंत्र तासाला दोनशे जोड कापते. या वेळी दलालाने काड्या मागितल्या नाहीत. ताईने कापायची सुरी फडक्याने पुसली, फळीवर ठेवली आणि विचारले, "मग मी काय करू?"

दलाल म्हणाला, "शिवा की. तुम्ही तर भावापेक्षा सरस."

माझ्या मनात आले, सुटलो. खुर्चीवर ती बसेल, मी छापखान्यात जाईन. असे वाटायला नको होते, पण वाटले.

कलम ७. माळ्यावर पिशव्यांच्या नमुन्यांमागे एक पत्र्याचा डबा आहे. दोन वर्षांपूर्वी ताई चार दिवस मावशीकडे गेली होती. तेव्हा एक जोड पहिल्यापासून शेवटपर्यंत आपण एकट्याने करावा, म्हणून मी चोरून चामडे कापले. नमुना एकदा सुलटा ठेवायचा असतो आणि एकदा उलटा. हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी दोन्ही वेळा सुलटा ठेवला. शिवून झाल्यावर कळले, की दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे झाले. फेकवले नाहीत, म्हणून डब्यात ठेवले.

परवा, मंगळवारी, ते शेवटचे बघावेत म्हणून डबा उघडला. आत तीन हातमोजे होते. तिसरा उजवा. कापणी ताईची, ती मी डोळे मिटूनही ओळखेन. पण शिलाई पाहून मला वाटले, हे एखाद्या शिकाऊ माणसाचे काम असावे. तर्जनीवर टाके घसरलेले. अंगठा पिळवटलेला. दोन ठिकाणी उसवून पुन्हा शिवलेले. मी तो घेऊन खाली आलो. ताई फळीपाशी नुसतीच बसली होती.

"हा तू शिवलास?"

"काल, तू डॉक्टरकडे गेलास तेव्हा. म्हटलं, बघावं येतंय का."

"ताई, तू बारा जोड शिवायचीस."

"आठ वर्षांपूर्वी. त्यानंतर मशीनला हात लावलाय का मी? महाग पडायचं ना." मग म्हणाली, "तुझा डबा मला पहिल्यापासून ठाऊक आहे रे. दोन्ही डावे बघून एकटीच हसले होते. म्हटलं, जाता जाता एक तरी उजवा असावा."

कुठे जाता जाता, हे मी विचारले नाही.

बुधवारी मी काड्या पुन्हा मांडल्या. आठ वर्षांत आमचे आकडे कोणी नव्याने मोजलेच नव्हते. मी आता दिवसाला बावीस जोड शिवतो. ताईकडून दिवसाला दोन तरी होतील का, शंका आहे. तेव्हा ती दोन्हींत पुढे होती, हे खरे. पण आम्ही ते तिचे कायमचे धरून बसलो. शिलाईतला हात खुर्चीवर बसून येतो आणि उठल्यावर जातो, ही काडी कोणी मांडली नव्हती. खिडकीपाशी बसून ती माझ्याइतकीच अडकली होती. फक्त तिच्यासमोर भिंत नव्हती, म्हणून मला दिसले नाही. आणि आता जूनपासून हे घर माझ्या एका मनगटावर आहे, जे उद्या कापायचे आहे.

कलम ८. म्हणून मशीन, खुर्ची आणि सुयांची डबी ताईला. सोबत या सूचना. अंगठा बसवताना पाय पायडलवरून काढावा आणि चाक हाताने फिरवावे. बोटांमधल्या पट्ट्या टोकाकडून शिवाव्यात. टाका घसरला तर चार टाके मागून उसवावे, एक नाही. पहिले तीस जोड खराब होतील. माझे बेचाळीस झाले होते. तेव्हा ताईने ते वडिलांपासून लपवले होते.

कलम ९. जिवंत माणसाचे मृत्युपत्र लागू होत नाही, असे कारकुनांचे म्हणणे आहे. तरी लिहितो, कारण तोंडाने सांगायला गेलो तर ती काडेपेटी आणेल. मी शुद्धीवर आलो, तर माझा हात सहा आठवडे बांधलेला राहील. तेवढे दिवस खुर्चीवर ताईने बसावे, मी शेजारी स्टुलावर. फळी जूनपर्यंतच लागेल. मग ती काढून मशीन खिडकीखाली घ्यावे. ती अर्ध्या दिवसात अकरा जोडांवर आली, की अकरा माझे आणि अकरा तिचे, आणि अर्धा दिवस प्रत्येकाचा स्वतःचा. काड्यांनी हे महाग पडेल. मी मांडून पाहिले आहे. छापखान्यातली जागा बहुधा भरली असेल. तरी विचारायला जाईन, जवळच्या रस्त्याने.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. एक खाडाखोड आहे, कलम ६ मध्ये, ती माझीच.

ठिकाण: घराची खालची खोली, मशीनची खुर्ची.
दिनांक: १४ मार्च २०१९, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे (काकांच्या घड्याळाप्रमाणे).

सही: हातमोजे शिवणारा
साक्षीदार १: घड्याळ दुरुस्त करणारे, समोरचे
साक्षीदार २: वकिलांकडचे कारकून

जोडयादी
झालेला खर्च: डॉक्टरांना आगाऊ १,५००. कागद ४५. मशीनचे तेल २५. एकूण १,५७०.
देणे: ऑपरेशनचे उरलेले ४,०००. दोऱ्याचे दुकान ३४०. एकूण ४,३४०.
ताईचे देणे: एक उजवा हातमोजा. याची किंमत लावता आली नाही. घालून पाहिला, गाठीमुळे मनगटाशी अडतो. उद्या खिशात घालून नेत आहे. परत आल्यावर पुन्हा घालून बघेन.