वाढत्या अंगाची माया

प्रिय भिंगरी,

पंधरा दिवसांपूर्वी तुझा फोन आला आणि तुझं बोलणं संपायच्या आत मी तो आईच्या हातात कोंबला, त्याचा तुला राग आला असणार. येऊ दे. तपासण्या जुळल्या, माझी एक किडनी तुम्हाला चालते, आता बाबा फक्त हो म्हणा, असं तू एका दमात सांगून टाकलंस. बाजारात निघालेल्या माणसाने तुमच्यासाठी काही आणू का विचारावं, तसं! अशा गोष्टीला फोनवर उत्तर देतात का गं? तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. गोळ्या पुढ्यात ठेवते आणि निघून जाते. म्हणून म्हटलं, बसून नीट लिहावं. पण आधी दुसरंच सांगायचंय. तुझा गाण्यांचा प्लेअर मी उघडला.

घाबरू नकोस, चालू आहे. लग्न होऊन गेलीस तेव्हा तू तो मला देऊन गेलीस, असं तू सगळ्यांना सांगतेस. खरं तर तू तो कपाटात विसरलीस आणि मी उचलला. शिवणाचं दुकान होतं तोवर मशीनच्या खडखडाटात त्याचा काही उपयोग नव्हता. डायलिसिस सुरू झालं आणि तोच माझा सोबती झाला. तू म्हणतेस, मोबाइलवर ऐका. अगं, एक हात सुयांनी अडकलेला, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हातात तुमचा तो फळीएवढा मोबाइल धरायचा, चष्मा चढवून काचेवर बोट घासायचं, आणि गाणं जरा रंगात आलं की कर्ज हवंय का विचारायला कुणाचा तरी फोन! प्लेअर मुठीत मावतो. न बघता अंगठ्याने चकती फिरवली की झालं. डोळे मिटून पडता येतं. आपलंच रक्त नळीतून बाहेर जाताना मला अजूनही बघवत नाही, आता तुझ्यापासून काय लपवायचं.

तर हा प्लेअर टकटक करायला लागला. गाणं मध्येच अडकायचं, पुढे सरकायचंच नाही. एक दिवस तो पार गप्प झाला. दुरुस्तीच्या दुकानात नेला तर दुकानदाराने हातात घेऊन दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाला, काका, ह्याचे दिवस भरले, मोडीत काढा. माझं डोकंच फिरलं. मोडीत काढायचं तर आधी मला काढा, असं ओरडून मी बाहेर आलो. त्याला काय माहीत.

डायलिसिसला माझ्या शेजारच्या पलंगावर बेकरीवाला असतो, तुला मागे सांगितलं होतं. जिभेला हाड नाही, पण माणूस भला. त्याने सांगितलं की ह्याच्या पोटात एक छोटी फिरती तबकडी असते, गाणी तिच्यावर साठतात, आणि ती झिजली की टकटक करते. ती काढून तिथे एक पट्टी बसवायची, पट्टीत मेमरी कार्ड खोचायचं. घरच्या घरी होतं. त्याने मला त्याचे व्हिडिओ दाखवले, दोघांच्याही एकेका हातात सुया. नर्सबाई म्हणाली, आजोबा, आता काय नवीन उद्योग?

मग एका दुपारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बसलो. मागचं धातूचं झाकण आतून खाचांमध्ये अडकलेलं असतं. कॉलर उसवतो तसं करायचं, घाई न करता एकेक सोडवत जायचं. झाकण सुटलं तरी ते उचलायचं नाही, कारण कागदाहून पातळ अशा फितीने ते आतल्या भागाला जोडलेलं असतं. हिसका दिला की फीत तुटलीच. आयुष्यभर सुईत दोरा ओवला, कधी चुकलो नाही. नेमकं त्या फितीपाशी आल्यावर मला काही दिसेना. इतक्यात कुणीतरी मागून टॉर्च धरला. तुझी आई. नेमका फितीवर उजेड. पट्टी बसेपर्यंत ती तशीच उभी होती.

झाकण लावलं. माळ्यावरून तुझा जुना कॉम्प्युटर काढला, त्यातली तुझी सगळी गाणी उचलली आणि कार्डात ओतली. प्लेअरच्या पडद्यावर काय यावं? एकही गाणं नाही! कार्ड भरलेलं दिसतंय आणि प्लेअर म्हणतो, माझ्याकडे काहीच नाही. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. तू शाळेत असताना जमवलेली गाणी, तू सारखी लावायचीस ती बासरी, तू चोरून रेकॉर्ड केलेलं माझं दुकानातलं गुणगुणणं, सगळं मी घालवलं की काय! पुढच्या डायलिसिसला हे सांगितलं तर बेकरीवाला पोट धरून हसला. अहो शिंपीदादा, त्याला गाणी बाहेरून कोंबून चालत नाहीत, त्याच्याच प्रोग्रॅममधून भरावी लागतात, तरच तो ती आपली मानतो. तसं केल्यावर सगळी आली.

तुला वाटेल, बाबा आता ह्यावरून काहीतरी शिकवणार. जुनं यंत्र, नवा भाग, झाला बरा. अजिबात नाही. ते कार्ड पाकिटातून आलं, त्यासाठी कुणाचं पोट चिरावं लागलं नाही. तू तलावावर पोरांना पोहायला शिकवतेस, अख्खा दिवस पाण्यात असतेस. घरात दोन वर्षांचं पिल्लू आहे. तुझ्या अंगाला टाका पडायचा तर माझ्यासाठी? आईची साखर वाढलेली निघाली आणि तिचं किडनी देणं बारगळलं, तेव्हा मला आतून हायसं वाटलं होतं. मग तू पुढे आलीस. नाही म्हणायचं, हे माझं त्याच दिवशी पक्कं झालं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

पण बेकरीवाल्याने मोडता घातला. कार्ड केवढं घेतलंत, विचारलं. मी सांगितलं, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं. तो म्हणाला, अहो, तुमची सगळी गाणी भरूनसुद्धा त्याचा कोपरा भरत नाही. एवढं ऐकायला आणखी किती वर्षं मुक्काम आहे? त्याने गंमत केली. मला हसू आलं नाही. भिंगरी, लहान मुलांचे कपडे शिवताना आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की उसवून सैल करता येतं. म्हाताऱ्याच्या सदऱ्यात कुणी माया ठेवत नाही, तो वाढायचा थोडाच! आणि मी, तुला नाही म्हणायचं ठरवून बसलेला माणूस, दुकानात जाऊन स्वतःसाठी एवढी माया ठेवून आलो होतो. त्या दिवशी डायलिसिस संपेपर्यंत मी चादर तोंडावर ओढून पडलो. नर्सबाईला वाटलं, थंडी वाजतेय.

मला जगायचंय गं. अजून खूप. हे तोंडाने म्हणायची मला लाज वाटते, आणि आईसमोर फोनवर तर ते निघालंच नसतं, म्हणून हे पत्र. डॉक्टर तुला एकटीला आत बोलावतील आणि मनापासून देतेस का विचारतील. तिथे नाही म्हणालीस तर मला नुसतं पुढच्या तपासणीत जुळलं नाही एवढंच सांग. मी पुढे एक अक्षर विचारणार नाही, आणि तू माझी आहेस तशीच राहशील. पण तू आपणहून देतेयस आणि बाबा नाइलाजाने घेतायत, असं मला होऊ द्यायचं नाही. बापाने मुलीकडे मागू नये, हे मलाही कळतं. तरी मागतोय. तुझी किडनी मला हवी आहे, बाळा. दे.

तुझाच,
बाबा