डेलसाहेबांनी न प्यालेला कहवा

ताइफ,
१६ एप्रिल २००४

प्रिय दमयंती,

ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. तू मध्येच "बरं, पुढे?" करतेस आणि माझा तपशील सुटतो. म्हणून नीट बसून लिहितोय.

आमचे मुदीर, म्हणजे या गुलाबमळ्याचे व्यवस्थापक, डेलसाहेब कायमचे अमेरिकेला चालले. ते मॉर्मन पंथाचे. त्या पंथात पगारी पुजारी नसतो. आपल्याकडचा गुरव पूजाही करतो आणि नांगरही धरतो, तसंच. साहेब बटाट्याच्या शेतात वाढलेले, गाईंच्या धारा काढून मग शाळेत जाणारे. इथे शुक्रवारी त्यांच्या घरी दार लावून चार माणसं प्रार्थनेला जमतात, त्यांचे हे प्रमुख. आणि शनिवारी माझ्याबरोबर वाफ्यात, चिखलात. ठिबकची नळी तुंबली तर तोंडाने फुंकून बघणारा गोरा मी दुसरा पाहिला नाही. आता त्यांच्या अमेरिकेतल्या गावच्या पंथाच्या मंडळींनी त्यांना तिथली मोठी जबाबदारी दिली आहे. पगार शून्य! मी म्हटलं, साहेब, हा कसला व्यवहार? तर म्हणाले, गुणाजी, शेतकऱ्याला आपल्या शेताची राखण करायला पगार लागतो का?

त्यांना दारू, तंबाखू, चहा, कॉफी सगळं वर्ज्य. तसं व्रतच आहे. हे ध्यानात ठेव, कारण त्यानेच सगळा घोळ झाला.

काल निरोपाचं जेवण होतं. मालक अबू तल्हा रियाधला अल मलाझमध्ये राहतात. मळ्यावर ते पहिल्यांदाच पंगतीला बसले. जेवणानंतर कहवा आला. ही अरबी कॉफीच, पण आपल्यासारखी काळी नव्हे. हळदीच्या पाण्यासारखा पिवळसर, वेलचीचा. साहेबांनी मालकांना वाईट वाटू नये म्हणून तो इवलासा पेला घेतला आणि न पिता हळूच पुढ्यात ठेवला. झालं! मालकांच्या हातातली माळ थांबली. राजापूरचा यासीनभाई, आमचा ड्रायव्हर, माझ्या कानाशी पुटपुटला, "अरे, तुझ्या साहेबाने मागणं घातलं की!" इथली रीतच तशी. पाहुण्याने कहवा न पिता खाली ठेवला, तर त्याला काही मागायचं असतं. यजमानाने ते द्यायचं, मगच तो पिणार. मालकांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, माग, दिलं.

यासीनभाईने साहेबांना समजावलं. ते लालबुंद झाले. मला वाटलं, चूक झाली म्हणतील. पण माझ्याकडे बघून म्हणाले, माझ्या जागी गुणाजीला मुदीर करा. दमयंती, मला! सातवी शिकलेला मी, पंपांची इंग्रजी पुस्तकं आधी चित्रांवरून, मग अक्षरांवरून लावत आलेला! मालक म्हणाले, "खलास, ठरलं. आता पी."

आणि साहेब पिईनात. प्यावं तर व्रत मोडतं, न प्यावं तर मालकांचा अपमान होतो, माझं मुदीरपणही जातं. साहेबांनी पेला उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला. म्हणाले, मागणं याच्यासाठी, तेव्हा पिणारही हाच. मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आणि मी काय केलं असेल? मीही पेला खाली ठेवला! यासीनभाईने कपाळ बडवलं, "येड्या, पी की!" मालक म्हणाले, आता तुझं काय? मी माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, बायकोला विचारायला मुदत द्या. दिली, एक महिना दिली. मग एका घोटात संपवला. पार गार झाला होता.

मुदत कशाला मागितली, ते सांगतो. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, प्लंबर लिहिलंय, आणि प्लंबरला कुटुंब आणता येत नाही. मुदीरला येतं. मळ्याला लागून दोन खोल्या मिळतील. पण तू घरोघर फिरून पोरं गोळा करून बालवाडी उभी केलीस. ती सोड म्हणायचा मला हक्क नाही. मजुरांच्या कॅम्पातल्या खाटेवर एकट्याने आणखी वर्षं काढायची मात्र माझी तयारी उरलेली नाही, मुदीर होऊनसुद्धा. तू नको म्हणालीस तर मालकांना सलाम करून गावी येईन, आणि तेही आनंदाने. तेव्हा नीट विचार कर, मला काय आवडेल ते बघू नकोस. तू इकडे येतेस, की मी तिकडे येऊ?

तुझाच,
गुणाजी