कुरकुरीविना चाळीस दिवस

९ मार्च, शनिवार. दिवस पंचविसावा.
बूट उलटा केला. अर्धा पेला पाणी निघालं. डावा बूट. धरणाच्या पायथ्याशी, सांडव्यापासून तीस पावलांवर, गवतात पाय रुतला. काल तिथे कोरडं होतं. तोंडात शब्द आला होता. गिळला. पंचविसावा दिवस शाबूत.

नियम स्पष्ट असावेत म्हणून पुन्हा लिहितो. चाळीस दिवस एकही तक्रार नाही. फिलिप्पैकरांस पत्र, दोन-चौदा: सगळं कुरकुर न करता करायचं. तक्रार म्हणजे जेवणाबद्दल, हवेबद्दल, बायकोबद्दल, खात्याबद्दल किंवा धरणाबद्दल बोललेला वाकडा शब्द. धरणाचं कलम मी स्वतः घातलं. गेल्या वर्षी राखणदार या नात्याने खात्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा काही निघालं नाही. तिसऱ्यांदा इंजिनियर ऐंशी किलोमीटरवरून आले आणि दुकानासमोर म्हणाले, ओझेयास, धरण नाही, तुझं तोंड गळतंय. सगळे हसले. त्याच रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन रानात कुरकुरणाऱ्या इस्राएल लोकांवर होतं. माझं नाव घेतलं नाही. गरज नव्हती.

चाळिसावा दिवस रविवारी, चोवीस तारखेला. उपासनेत साक्ष द्यायला दहा मिनिटं मिळाली आहेत. ओलीचं एक्केचाळिसाव्या दिवशी बघू.

१० मार्च, रविवार.
सकाळी बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांच्या डबीतून निघालं: भांडखोर बायको आणि पावसाळी दिवसाची सततची गळती सारखीच. बायकोला, इरासीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, मग गळतीकडे तरी बघा. मी उत्तर दिलं नाही. सौम्यता वाढते आहे. तिला ती दिसत नाही, हा वेगळा मुद्दा.

११ मार्च.
दुपारी दामियाँव. इरासीचा धाकटा भाऊ. धरणाखालच्या वस्तीतलं अगदी पायथ्याचं घर त्याचं. अकरा शेळ्या, केळीचा तुकडा, भिंतीवर सहा संतांच्या तसबिरी. आमच्या देवळात येत नाही. म्हणाला, दाजी, तुमच्या भरावात तातूने बीळ केलंय. आत जाताना पाहिला, बाहेर येताना नाही. मी म्हणालो, अंगावर कवचाचं चिलखत घालून फिरणारा तो प्राणीही देवाचाच जीव आहे. तो म्हणाला, आहेच, आणि भाजला तर लागतोही छान, पण तो जिथून शिरतो तिथून पाणी निघतं. मी हसलो. त्याने मात्र हसायचं सोडून माझ्याकडे बघितलं.

१३ मार्च.
चौकीच्या भिंतीवर खात्याची सूचना आहे. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावं. गढूळ असेल तर ताबडतोब कळवावं आणि खालची वस्ती हलवावी. इरासीने पायथ्याचं पाणी पेल्यात भरून खिडकीत ठेवलं. स्वच्छ. मी म्हणालो, बघ. ती म्हणाली, आज.
पेला लग्नातल्या सहांपैकी. यावरही बोललो नाही. अठ्ठावीस आणि एक, एकोणतीस.

१५ मार्च.
वचन निघालं: शहाणा माणूस संकट येताना पाहतो आणि लपतो. परत डबीत टाकलं. घाईत कधीकधी दुसऱ्याचं वचन हाताला लागतं. पुन्हा काढलं: उद्याची चिंता करू नका. हे माझं.

१७ मार्च, रविवार.
आरशासमोर साक्षीचा सराव. सतरा मिनिटं झाली. इरासीचा भाग काढला, तेरा. खात्याच्या लोकांना क्षमा केल्याचा भाग काढवत नाही. तिथे आवाज आपोआप भरून येतो.
देवळाबाहेर पाळकसाहेबांनी विचारलं, काय ओझेयास ब्रदर, धरण काय म्हणतंय? मी म्हणालो, देवाला गौरव. इरासी शेजारी होती. तिने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय ठेवला. हळूच.

१९ मार्च.
संत जोसेफचा दिवस. या दिवशी पाऊस झाला की वर्ष चांगलं जातं, ही अंधश्रद्धा. दुपारी दोनला पाऊस. दामियाँवने आतषबाजीचे सहा बाण उडवले, अंगणात एकटाच नाचला. वरून दिसत होता. धरणाच्या मोजपट्टीवर पाणी एका दुपारात साठ सेंटिमीटर चढलं.
इतका पाऊस नको होता, असं मनात आलं. मनातली तक्रार धरायची की नाही? नाही असं ठरवलं.

२० मार्च.
वचन: प्रेम पुष्कळ दोष झाकतं. दिवस सत्कारणी लावायचा ठरवलं. चिकणमातीची सात पोती ओलीवर टाकली. पायाने दाबली. पाठ धरली, पण कुणाला सांगितलं नाही. कोरडं दिसू लागलं. गुडघे टेकून आभार मानले, तर गुडघे भिजले. पाणी आता पोत्यांच्या दोन्ही बाजूंनी येतं. म्हणजे जोर वाटला गेला.

२१ मार्च, गुरुवार.
खिडकीत आता पाच पेले ओळीने. पाचव्यातलं फिक्या कॉफीसारखं. मी म्हणालो, पेला नीट धुतला नसशील. इरासीने सहावा पेला घेतला, माझ्यासमोर साबणाने घासला, पुसला, धरणावर गेली, भरून आणला. तसंच पाणी. शेजारी ठेवून दिला आणि मक्याचं पीठ भिजवायला बसली.  अशी गप्प बसली की ती देवाच्या जास्त जवळ वाटते.

संध्याकाळी दामियाँव टोपी हातात घेऊन दाराशी. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. म्हणाला, दाजी, मी तुमच्या देवळातला नाही, मला वचन नको. तुम्ही राखणदार आहात म्हणून विचारतो. शेळ्या वर चढवू का? हो की नाही, एवढंच सांगा. बाकी वस्तीही तुमच्याच तोंडाकडे बघून बसलीय. शेजारचा पोर्फिरियो म्हणतो, ओझेयास ओरडत नाही म्हणजे काही नाही, गेल्या वर्षी तर टाकीच्या ओघळालाही ओरडला होता.
हे ऐकून बरं वाटलं. चारित्र्य लोकांना दिसतं तर.
ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश असावं, असं याकोब सांगतो. मी सावकाश राहिलो. तो थांबला. फारच थांबला. मग मी म्हणालो, राहू दे शेळ्या, विश्वास ठेव. त्याने टोपी घातली. तुम्ही म्हणताय तर, म्हणाला.
जाताना चेहऱ्यावर शांती होती. साक्षीत घालायचं.

२२ मार्च.
इरासीने फोन मागितला. दिला नाही. नवराबायको एक देह. तिने केलेली तक्रार माझ्याच खात्यावर पडणार, आणि तीही अडतिसाव्या दिवशी. समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्ही देवाला घाबरत नाही, इंजिनियरला घाबरता. हे बोलणं तिला शोभत नाही. तरी चाळीस झाल्यावरच सांगेन.
ती दुकानात जाऊन तिथून खात्याला फोन करून आली. त्यांनी सांगितलं, राखणदाराची नोंद असेल तरच माणूस पाठवू. आणि तोच ओझेयास ना, म्हणून हसले.
बघ, मी म्हणालो.
तिने माझा शर्ट दोरीवरून काढून टोपलीत टाकला. ओलाच.

२३ मार्च, शनिवार. दिवस एकोणचाळिसावा.
सकाळी भरावावर खुर्ची टाकून मनन. काठापासून चार हातांवर पाण्यात एक भोवरा. बशीएवढा. पानं येतात, फिरतात, आत जातात. तासभर बघत होतो. सृष्टीतला क्रम किती शांत. दुपारी ताटाएवढा.
खुर्चीचे मागचे दोन पाय वीतभर खाली गेले. खुर्ची हलवली.
पाय जमिनीवर ठेवले की खालून काहीतरी कुजबुजल्यासारखं जाणवतं. वय झालं. डॉक्टरला दाखवायला हवं, पण ते सोमवारी. सोमवारी खूप कामं आहेत.
साक्ष साडेनऊ मिनिटांवर आणली.

२४ मार्च, रविवार. दुपारी तीन. वरच्या शाळेत.
क्रमाने लिहितो.
दहाला साक्षीसाठी उभा राहिलो. इरासी जागेवर नव्हती. मी तिसऱ्या मिनिटाला होतो तेव्हा ती आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पेला, पेल्यात नुसता गाळ. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातून माईक घेतला. छपरावरचा भोंगा चालू होता, त्यामुळे सगळ्या वस्तीने ऐकलं. म्हणाली, धरण वाहून चाललंय, शाळेत चढा, भांडीकुंडी राहू द्या, चढा. पाळकसाहेबांनी पेला बघितला आणि पहिले तेच उठले. झुल्मिराआजींना खुर्चीसकट उचललं.
माईक तिने खाली ठेवला होता. माझी साडेसहा मिनिटं शिल्लक होती. चाळिसावा दिवस असा अर्ध्यात सोडायचा का? बोलत राहिलो. रिकाम्या बाकांसमोर बोलणं हीही नम्रताच. क्षमेच्या भागाला आवाज भरून आला.
दामियाँवने दारातून हाक मारली. मग आत येऊन कॉलर धरली. म्हणाला, दाजी, ताई वर ओरडतेय, तुमचं देव नंतर ऐकेल, चला. चढावर ढकलत नेलं. अर्ध्यावर सोडलं. म्हणाला, शेळ्या बांधलेल्या आहेत.
थांब, असं मी म्हणालो. म्हणालो असं वाटतं. मोठ्याने म्हणालो की नाही ते आठवत नाही.
भराव गेला तेव्हा आवाज अपेक्षेपेक्षा कमी झाला. जास्त आवाज झाडांचा. देऊळ गेलं. आधी भोंगा गेला की भिंत, यावर लोकांत मतभेद आहेत. मी वादात पडलो नाही.
पाळकसाहेबांनी शाळेच्या अंगणात माणसं मोजली. दोनदा. एक कमी.
दामियाँवला पोहता येतं. पलीकडच्या काठाने चढला असेल. त्या बाजूला रस्ता लांबचा, वेळ लागणारच. इरासी अंगणाच्या कडेला उभी आहे. पाणी नेऊन दिलं. घेतलं नाही. 
आज दिवसभर एकही तक्रार नाही. चाळीस.

२५ मार्च, सोमवार. सकाळ.
दामियाँव सव्वासातला सापडला. वस्तीपासून दोन किलोमीटर खाली, कुंपणाच्या तारेत. हातात दोरी होती. इरासी आणि पोर्फिरियो गेले होते. मला कुणी बोलावलं नाही.