आमच्या घराचा चोख बंदोबस्त

१२ ऑगस्ट
वादळ आणि पुरापासून घर वाचवण्याचं ट्रेनिंग आज संपलं. सर्टिफिकेटवरचं नाव तपासलं, बरोबर आहे. घरी येऊन पुन्हा तपासलं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, म्हणून बाबांनी ते शिवणयंत्रांच्या वर भिंतीवर लावलं. म्हणाले, आता वादळाची काळजी नाही, आपल्यात शिकलेलं माणूस आहे. आत्या म्हणाली, वादळाला वाचता येत असेल तर ठीक.

शेवटचा तास बुडाला, हे प्रामाणिकपणे लिहिते. मी मागच्या बाकावर आधीच्या तासांच्या नोट्स सुवाच्य अक्षरात उतरवत होते. विषय घरातल्या ड्रेनेजचा होता. पूर बाहेरून येतो. फारसं बिघडलं नसावं.

१४ ऑगस्ट
बाबांना गेल्या महिन्यात शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली, शर्ट शिवून होत आलेत. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. वेळेत आणि नीट दिलं तर दरवर्षी आपल्याकडेच. तळमजल्यावरची एक खोली, तेच दुकान, तेच घर, कोपऱ्यात मोरी. शर्टांचे गठ्ठे जमिनीपासून छातीपर्यंत आले. सगळं माझ्या भरवशावर. मी घाबरलेली नाही. जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

१९ ऑगस्ट
समुद्रात वादळ तयार झालंय, चार-पाच दिवसांत इकडे येईल म्हणतात. वाळूची पोती आणवली. आई म्हणाली, गठ्ठे वरच्या काकूंकडे ठेवू या. (वरच्या काकू म्हणजे रिटायर्ड नर्स. एकट्या राहतात, जागा भरपूर, जीभ त्याहून मोठी.) मी समजावलं की दारात बंधारा घालायचा आणि सामानही हलवायचं, म्हणजे आपलाच आपल्या कामावर विश्वास नाही. बाबा म्हणाले, ती शिकून आलीय, ती म्हणेल तसं. आई भाजी चिरायला उठली. पटलं असावं.

२० ऑगस्ट
बंधारा पूर्ण. पोती विटांसारखी सांधे चुकवून रचली, नाचून नाचून बसवली. मधे प्लास्टिक, चौकटीच्या कडेला सिलिकॉन. बाहेरून बादली ओतून पाहिली. आत थेंब नाही. दुसरी ओतली. थेंब नाही. डोळे भरून आले.

आत्याने विचारलं, आता बाहेर कुठून पडायचं? प्रश्न रास्त होता. आजपासून खिडकी.

२१ ऑगस्ट
खिडकीच्या आत एक स्टूल, बाहेर एक. सगळ्यांना सवय होतेय. बाबांनी एका गिऱ्हाइकाचं माप खिडकीतूनच घेतलं. शर्टाचं जमलं. पँटसाठी त्याला स्टुलावर उभं केलं, तर तो म्हणाला, राहू द्या, जुनीच घालतो.

दुपारी आत्या अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर असताना तिने उच्च शिक्षणाबद्दल जे मत मांडलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मोकळी झाल्यावर तशीच वरच्या काकूंकडे राहायला गेली. चला, संकटकाळात गर्दी कमी झालेली बरी.

२३ ऑगस्ट
गल्लीत सूचना देत फिरले. समोरचा सलूनवाला खुर्च्या माळ्यावर चढवत होता. दारात एक पोतं नाही! पाणी पाहुण्यासारखं येईल आणि जाईल, म्हणाला, त्याला दारात अडवून वैर कशाला घ्यायचं? कीव आली.

२४ ऑगस्ट, दुपार
वादळ आलं. वारा भयंकर. गल्लीत पाणी, बंधाऱ्याच्या दुसऱ्या थराला लागलंय. आत कोरडं. खडखडीत कोरडं! बाबांनी पाठीवर थाप मारली. हा क्षण लिहून ठेवते.

थोड्या वेळाने
मोरीतून गुडगुड आवाज. आई म्हणाली, बघ जरा. मी म्हटलं, पाइपात हवा असेल.

आणखी थोड्या वेळाने
हवा नव्हती. बाबांच्या कापायच्या टेबलावर बसून लिहितेय. बाहेरची गटारं भरली की पाणी मोरीच्या जाळीतून उलटं वर येतं, असं दिसतंय. जोरात येतं. खालचे गठ्ठे भिजले. वरचे आई-बाबांनी टेबलावर चढवले. मला लिहिणं सोडून हात लाव म्हणतायत.

संध्याकाळ
पाऊस थांबला. गल्लीतलं पाणी ओसरलं. आमचं नाही. जाळी शिवणकामाच्या चिंध्यांनी तुंबली आणि दारात बंधारा. गल्ली कोरडी पडत चालली आणि आम्ही गुडघाभर पाण्यात. वरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काय गं, उन्हाळ्यासाठी साठवून ठेवलंय का?

पाणी सोडायला बंधारा बाहेरून फोडावा लागला. सगळी गल्ली पहार, सुरी, हाताला येईल ते घेऊन खपत होती. सिलिकॉन सुटेना. सलूनवाला घाम पुसत म्हणाला, एवढं पक्कं काम जन्मात पाहिलं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत.

२६ ऑगस्ट
गणवेश धुतले. पुन्हा धुतले. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या. शेजारपाजारच्या सगळ्यांनी पिळायला हात दिला. सलूनवाल्याने केस वाळवायचं मशीन आणून कॉलरी वाळवल्या. बऱ्याच शर्टांचा मातकट डाग गेला नाही. लांबून क्रीम कलर वाटतो, असं मी सुचवलं. आईने तो शर्ट पुन्हा बादलीत टाकला.

३० ऑगस्ट
शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. चांगले शर्ट घेतले. डागाळलेले बाबांनी स्वतःच्या कापडातून नव्याने शिवून द्यायचे ठरले. पुढच्या वर्षाचं पाहू, म्हणाल्या. 'पाहू' हा शब्द तसा आशादायक आहे.

त्या विचारत होत्या, हे झालं कसं? मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, चूक माझीच, हिच्या आईचं ऐकायला हवं होतं. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आज नऊ कॉलरी मी बसवल्या. दोन उलट्या.

८ सप्टेंबर
दुसऱ्या वादळाचा इशारा. या वेळी गाफील राहणार नाही. सकाळीच ट्रेनिंगच्या सरांना फोन लावला आणि बुडालेला तास त्यांच्याकडून पुरता समजून घेतला. आधी सामान वर न्यायचं. मग मोरीच्या जाळीवर वाळूचं पोतं ठेवायचं. दार सगळ्यात शेवटी. मधेमधे शंका विचारल्या. सर म्हणाले, बाई, माझ्याही घरी वादळच येतंय.

गल्लीच्या टोकाला रेंज चांगली, म्हणून मी तिथून बोलत होते. योजना मनात पक्की करून घरी आले. घरच्यांना कसं पटवायचं, त्याची वाक्यंही जुळवली होती.

खोली रिकामी. यंत्रं नाहीत, शर्ट नाहीत, कापडाचे तागे नाहीत. कापायचं टेबलसुद्धा वरच्या काकूंकडे गेलेलं. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? बाबा म्हणाले, तू फोनवर होतीस. आई म्हणाली, मोरीवरचं पोतं तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय, ते तू घट्ट बसवतेस.

बसवलं. नाचून नाचून बसवलं. मग रिकाम्या खोलीत उभी राहून आणखी काय वाचवता येईल ते पाहत होते, तेवढ्यात जिन्यातून आत्या ओरडली, अगं ए पूरवाले, सगळं वर आलंय, आता तेवढी तू ये, तुला उचलायला कोणी येणार नाही.

गेले.