चारी चाकांत तेहतीस

आदरणीय व्याहीसाहेब,

तुम्हाला आणि विहीणबाईंना वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली अवघड जातं. टायरपाशी उकिडवं बसून बसून कंबर धरली आहे.) तुमच्या थोरल्या लेकीच्या पायाचं प्लास्टर निघालं का, ती काठीशिवाय चालते का, आणि तिथलं पाणी तुम्हा दोघांना मानवतंय का, ते सविस्तर कळवावं. इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नात आज सव्वीस दिवसांची झाली. नाक तुमच्यावर गेलंय असं सगळे म्हणतात. मी अजून मत दिलेलं नाही.

आता पत्राचं कारण. परवा फोनवर तुम्ही सगळ्यांची विचारपूस केलीत आणि शेवटी, नेहमीसारखं, "आणि टायर?" एवढंच विचारलंत. मी "अगदी उत्तम" म्हणून मोकळा झालो. ते त्या दिवसापुरतं खरंही होतं. पण ज्या माणसानं तीस वर्षं बाजारातले तराजू तपासले, त्याला निम्मंच सत्य सांगणं म्हणजे काटा मारणं झालं. गेले दोन दिवस हातातलं शिवणकाम सरळ जाईना. तेव्हा सगळं सांगून टाकतो. कृपा करून बसून वाचावं.

जावईबापू बोटीवर, तुम्ही दोघं थोरलीकडे, म्हणून सूनबाईला दवाखान्यात न्यायला-आणायला तुम्ही गाडी माझ्या दारात आणून लावलीत. किल्ली देताना बजावलंत की दर पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर थंड असताना हवा तपासायची, आणि आकडा दारावर लिहिला आहे. मला परवाना आहे. तरुणपणी कापड दुकानाची गाडी चालवलीही आहे, पण तिची हवा पाहणारा माणूस वेगळा होता. पंधरावा दिवस उजाडला तसा मी आकडा शोधायला निघालो. आधी घराचं दार पाहिलं. मग फाटक पाहिलं. दुकानाच्या दारावर 'दुपारी दोन ते चार बंद' एवढंच लिहिलेलं होतं, आणि तेही माझंच अक्षर. (ही खिडकीतून बघत होती. ती म्हणाली की दार शोधणारा माणूस तिनं पाहिलाय, पण दारं वाचत फिरणारा पहिलाच.)

शेवटी मी टायरच वाचला. कापडाचं माप कापडावर, तसं टायरचं माप टायरवर असणार, असा साधा हिशेब. तिथे बारीक अक्षरात चव्वेचाळीस सापडले. तो आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा असतो, हे मला नंतर कळलं. व्याहीसाहेब, आम्ही शिंपी लोक शिवणीत नेहमी थोडी माया सोडतो, म्हणजे पुढेमागे अंगाला घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं. त्याच सवयीनं वाटलं, परक्याची गाडी आहे, कमी कशाला? भरा पोटभर. पेट्रोलपंपावर जाऊन चारी चाकांत चव्वेचाळीस भरून आलो, आणि त्याच दुपारी लेकीला तपासणीला घेऊन निघालो.

गाडी रस्त्यावरून चालत नव्हती, करडासारखी उड्या मारत होती. प्रत्येक खड्ड्याला लेक दोन्ही हातांनी पोट धरायची आणि मी म्हणायचो, रस्ते फार बिघडलेत गं. आठवा महिना सरत आलेला. तिचा चेहरा पांढरा पडला तशी मी गाडी कडेला घेतली. ती खाली उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, माझं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे दार." तिथे स्वच्छ लिहिलं होतं, तेहतीस. काखेत कळसा म्हणतात तो असा. मी तिला शपथ घातली की यातलं अक्षरही तुमच्या कानांवर जाता कामा नये.

इथवर निभावलं असतं. पण हवा कमी करायला पंपावर परत जाण्याची लाज वाटली, म्हणून घरी येऊन मी ती स्वतः सोडली, टाके उसवायच्या हत्याराच्या टोकानं व्हॉल्व्हची पिन दाबून. तीन चाकं गुणी निघाली. मागच्या डाव्या चाकाला जरा जोर लागला. मग तुमच्यासारखं हवा मोजायचं गेज विकत आणलं, चारी चाकं मोजली, आणि प्रत्येक टायरवर खडूनं ३३ लिहून ठेवलं. (आम्हाला खुणेशिवाय चैन पडत नाही.)

पुढच्या पंधरवड्याला सकाळी गेज लावलं. तीन चाकांत तेहतीस, मागच्या डाव्यात एकोणीस. माझं धाबं दणाणलं. त्या दिवशी लेक पहाटेपासून गप्प होती आणि कमरेवर हात ठेवून येरझाऱ्या घालत होती. मी हिला "आलोच" म्हणालो आणि त्या चाकात पायपंपानं हवा भरत, थांबत, पुन्हा भरत कोपऱ्यावरचं टायरचं दुकान गाठलं. तिथल्या बाईंनी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं तर भराभर बुडबुडे. त्यांनी आधी ती वाकलेली पिन पाहिली, मग माझ्या गळ्यातली मापाची फीत पाहिली, आणि म्हणाल्या, "काका, व्हॉल्व्ह आहे तो. काज नव्हे." दोन मिनिटांत त्यांनी पिन बदलली, तेहतीस भरली, वर टोपण बसवलं. मी घरी पोचलो तर लेक दाराची चौकट धरून उभी, हिच्या हातात पिशवी. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, चला."

एकोणीसवर निघालो असतो तर अर्ध्या वाटेत काय झालं असतं, हा विचार अजून मनात येतो आणि हातातली सुई थांबते. पण गाडी त्या दिवशी पाण्यावरून जावी तशी गेली. पुलाजवळच्या उंचवट्यावर मी जीव मुठीत धरला होता, तोही कळला नाही. मागून लेकीचा आवाज आला, "किती अलगद चालवताय. अगदी घरच्या बाबांसारखी."

व्याहीसाहेब, आता मनातलं बोलतो. ती तुम्हाला 'घरचे बाबा' म्हणते, हे लग्नापासून मला टोचत होतं. ते घरचे, मग मी कुठला, दुकानातला? दोन वर्षं ही अढी मी जपून ठेवली होती. त्या रस्त्यावर ती सुटली. तुम्ही दर फोनला टायर विचारता आणि मी मनात म्हणायचो, माणसापेक्षा गाडीची काळजी. त्या गाडीत कोण बसणार आहे याची ती काळजी होती, हे मला फार उशिरा कळलं. चूक झाली. मोठ्या मनानं पदरात घ्यावी.

नात दुपारी झाली. मला दाखवली, मी पाहिली, आणि तिथे रडायची सोय नव्हती म्हणून खाली गाडीपाशी गेलो. हाताला काहीतरी काम हवं म्हणून गेज लावलं तर छत्तीस! हवा सोडायला निघालोच होतो, तेवढ्यात तुमचं बोलणं आठवलं की चाललेल्या किंवा उन्हात उभ्या गाडीचा टायर गरम असतो, तेव्हा मोजून घाबरायचं नाही. मग नुसताच चाकाला टेकून बसलो. रखवालदारानं विचारलं, "पंक्चर आहे का?" मी म्हणालो, "नाही, नात झाली."

विहीणबाईंना नमस्कार, थोरलीला आशीर्वाद.

आपला,
तुमच्या सुनेचा बाप

ता.क. पत्र पाकिटात घालताना लेकीनं हातातून ओढून वाचलं. हसता हसता तिचे टाके दुखले. ती म्हणते, चव्वेचाळीसची हकिगत तिनं तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितली होती, आणि तुम्ही म्हणाला होतात, "त्यांना काही बोलू नकोस, ते जीव लावून करतायत." शपथ मोडल्याबद्दल मी तिच्याशी अर्धा तास अबोला धरला. तुमच्याशी कसा धरू ते कळत नाही.

ता.क. दोन. तुम्ही परत आलात की लेक, नात आणि गाडी तिघीही तुमच्याकडे जातील. ते रीतसरच आहे. फक्त एक विनंती. तुमचे गुडघे दुखतात, तेव्हा टायरपाशी तुम्ही बसू नये. दर पंधरा दिवसांनी मी येऊन हवा पाहून जात जाईन. चहा घेऊनच येईन, कुणाला त्रास नाही.

ता.क. तीन. ही म्हणते, पंधरा दिवस फार होतात. टायर लहान असताना आठवड्याला पाहावेत.